डबेवाल्यांचं ठरलेलं दुसऱ्या दिवशी होतं, गावच्या सभेतलं प्रोसिडिंगमध्येच का राहतं?

राजगुरूनगर / अंधेरी : चैत्रात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी भागात गावोगावच्या यात्रा लागल्या की तिकडे मुंबईत डबे बंद होतात. एक-दोन नाही, सगळेच. बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंत आणि मुलुंड-घाटकोपरपासून सीएसएमटीपर्यंत पाच-सहा दिवस लोक हॉटेलात खातात नाहीतर घरून डबा काखेत मारून निघतात. डबेवाला गावाला गेलेला असतो. ग्रामदैवताची पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा, पाहुणेरावळे. पांढरी टोपी डोक्यावर तीच, पण हातात डब्याऐवजी झेंडा.

गावातल्या माणसाला यात नवल वाटत नाही, दरवर्षीचंच आहे. पण जरा थांबून विचार केला तर ही सुट्टी म्हणजे साधी गोष्ट नाही. प्रत्येक गावची यात्रा वेगळ्या तिथीला. कुणाची हनुमान जयंतीला, कुणाची अष्टमीला, कुणाची पौर्णिमा उलटल्यावर. ज्याने त्याने आपापल्या यात्रेला सुट्टी घ्यायची म्हटली तर महिनाभर रोज कुठल्या तरी भागातले डबे अडकतील. म्हणून सगळे एकदम जातात. सरकारी सुट्ट्या मध्ये येतील असे दिवस बघितले जातात, म्हणजे ऑफिसवाल्यांचे कमी दिवस बुडतात. संघटनेचं पत्रक निघतं, पेपरात बातमी येते, गिऱ्हाइकाला आधी सांगितलं जातं, सुट्टीचे पैसे कापू नका अशी विनंतीही केली जाते. आणि ठरलेल्या दिवशी सकाळी डबा परत दारात उचलायला माणूस हजर.

हे सगळं कुणीतरी बसून ठरवलं, ठरलेलं हजारो माणसांपर्यंत गेलं आणि ते त्यांनी पाळलं. यालाच मोठ्या ऑफिसात मीटिंग म्हणतात. बैठक नीट घेणं, तिच्यात काहीतरी ठरणं आणि ठरलेलं पुढे झालं का हे बघणं, यावर कंपन्या साहेबांना शिकवण्या लावतात. आपल्या तालुक्यातली कमी शिकलेली माणसं हे गेली शंभरावर वर्षं करतायत. त्याच माणसांच्या गावात मात्र ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते.

फलाटावरची बैठक

महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास मुंबईत डबे पोचवण्याचं काम सुरू केलं. पुढे १९५६ साली नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्टची नोंदणी झाली, १९६८ मध्ये धंद्याच्या बाजूची संघटना नोंदली गेली. पण रोजचं काम ट्रस्टच्या ऑफिसातून चालत नाही. ते चालतं गटांवर. एका गटात साधारण वीस-पंचवीस माणसं, त्यांच्यावर मुकादम. मुकादम हा साहेब नव्हे, तोही डबे उचलतोच.

सकाळी साडेदहाच्या सुमारास अंधेरी स्टेशनबाहेर गेलं की गल्लीबोळांतून आलेले डबे रस्त्याच्या कडेला मांडलेले दिसतात. झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा असतात : डबा कुठल्या स्टेशनचा, कुठल्या भागात उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला. त्यावरून वर्गवारी होते आणि डबे लाकडी पाटीत भरून लोकलच्या लगेज डब्यात चढतात. गाडी मोठ्या स्टेशनावर जेमतेम ४० सेकंद थांबते, मधल्या स्टेशनावर २० सेकंद. एवढ्या गडबडीत बोलायला वेळ कुठला? पण बोलणं तिथेच होतं. आज कोण आला नाही, कुणाची सायकल पंक्चर आहे, पार्ल्याची लाइन आज कोण करणार. गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात, ती अशाच वेळी कामाला येतात. दोन मिनिटांत ठरतं आणि गाडी यायच्या आत माणूस मार्गी लागतो. त्याला बैठक कुणी म्हणत नाही, पण दिवसातली सगळ्यात महत्त्वाची बैठक तीच.

दुसरी बैठक गटाची. गटाची कमाई वेगळी, खर्च वेगळा. रेल्वेचे पास, सायकलींची दुरुस्ती, पाट्या हे सगळं काढून उरेल ते गटातच वाटायचं. नवा माणूस घ्यायचा का, कुणाचं गिऱ्हाईक कुणाकडे द्यायचं, कोण कामावर पिऊन आला, कोण बिनटोपीचा फिरला आणि त्याला दंड किती, हे गटात मिटतं.

आणि तिसरी, कार्यकारिणीची, दर महिन्याच्या १५ तारखेला. गटात न मिटलेली भांडणं तिथे येतात. डबा हरवला किंवा चोरीला गेला तर चौकशी होते, दोष निघाला तर डब्याची भरपाई त्या माणसाकडून. गिऱ्हाइकाची तक्रार असेल तर त्याचा डबा दुसऱ्या माणसाकडे दिला जातो. भाव पाडून दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढायचं नाही, हा नियम मोडला तर जाबही तिथेच. शिवाय रेल्वे पोलीस, महापालिका, सायकली कुठे लावायच्या यांची कटकट असतेच.

अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी या कामाचा अभ्यास करून २०१० मध्ये प्रकरण लिहिलं, २०१२ मध्ये लेख लिहिला. तेव्हा सुमारे पाच हजार डबेवाले रोज १ लाख ३० हजारांच्या आसपास डबे नेत-आणत होते. त्यांना नवल वाटलं ते याचं की वरून हुकूम देणारा कुणी नाही, संगणक नाही, तरी काम चुकत नाही.

यातलं खरं मर्म मात्र पैशात आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. नवा माणूस सहा महिने उमेदवारी करतो. मग त्याला धंद्यात आपला वाटा विकत घ्यावा लागतो. थॉमके यांनी लिहिलंय की ही रक्कम महिन्याच्या अपेक्षित कमाईच्या दहापट असते. म्हणजे बैठकीत बसलेला प्रत्येक जण आपले पैसे गुंतवून बसलेला आहे. तो मोबाइलवर रील बघत बसत नाही. कुणी सलग डबे उशिरा पोचवले आणि दहा गिऱ्हाइकं गेली तर नुकसान गटातल्या सगळ्यांचं.

दुसरी गोष्ट, ठरलेल्याचा निकाल बघायला पुढच्या बैठकीची वाट बघावी लागत नाही. धरा, घाटकोपरच्या गटात ठरलं की अमुक इमारतीचे डबे उद्यापासून अमुक माणूस नेणार. त्या इमारतीतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी एक वाजता जेवण मिळालं की नाही, यावरच कळतं ठराव पाळला की नाही. नाही मिळालं तर सव्वा वाजता फोन येतो. इतिवृत्त लिहायचं कामच नाही, गिऱ्हाइकाचं पोट हेच इतिवृत्त.

नोव्हेंबर २००३ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला भेटायला आले, तेव्हाही भेटीची वेळ डब्यांच्या वेळेत बसवली गेली. आणि १९ ऑगस्ट २०११ ला अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून डबेवाल्यांनी एक दिवस काम बंद ठेवलं. १२० वर्षांत असं पहिल्यांदाच झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पटो न पटो, पण सगळ्यांनी एकदम बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे एकदम कामावर आले.

नोकरीवाल्या पोराचं काय?

आता कुणी म्हणेल, डबेवाला स्वतःच मालक आहे, त्याला बैठकीत बोलायला कुणाची भीती? गावातली बाकीची पोरं-पोरी अंधेरीच्या एमआयडीसीत, सीप्झमध्ये, मुलुंड-भांडुपच्या कारखान्यांत, मॉलमध्ये, गोडाऊनमध्ये नोकरीला आहेत. त्यांची मीटिंग म्हणजे सुपरवायझर बोलणार आणि बाकीचे मान हलवणार.

हे बरोबर आहे. आणि म्हणूनच इथे कायद्याने एक खुर्ची ठेवलेली आहे, ती पोरांना माहीत पाहिजे. देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार जिथे वीस किंवा त्याहून जास्त कामगार आहेत तिथे तक्रार निवारण समिती असायला हवी. मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे, एकूण दहाच्या वर नाही, आणि बायका कामाला असतील तर त्यांच्या संख्येच्या प्रमाणात समितीत बायका. तक्रार आल्यावर ३० दिवसांत निकाली काढायची. जिथे शंभर कामगार आहेत तिथे कामकाज समिती नेमा असा आदेश सरकार देऊ शकतं, त्यातही दोन्ही बाजू समान.

म्हणजे पगार कापला, ओव्हरटाइम दिला नाही, तर गुपचूप सोसायचं किंवा भांडून नोकरी सोडायची, एवढेच दोन रस्ते नाहीत. समिती कुठे आहे, तिच्यात आपल्या बाजूने कोण आहे, हे विचारता येतं. तक्रार तोंडी न देता लेखी द्यावी आणि तिच्या प्रतीवर तारीख-सही घ्यावी, कारण तीस दिवस मोजायचे तर पहिला दिवस कागदावर असावा लागतो. समिती नुसती भिंतीवरच्या बोर्डावर असेल तर तेही असं विचारल्यावरच कळतं.

जिथे बैठक कमी पडली

डबेवाल्यांचं कौतुक करताना एक आकडा नेहमी फेकला जातो : १ कोटी ६० लाख डब्यांत एक चूक. सिक्स सिग्मा वगैरे. १९९८ मध्ये फोर्ब्स मासिकात लेख आला, तिथून ही गोष्ट पसरली. खरं तर तो आकडा वर्षभर वही घेऊन कुणी मोजलेला नाही, संघटनेच्या माणसाने बोलताना सांगितलेल्या अंदाजावरून तो निघाला. चुका कमी होतात हे खरंच आहे, पण देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. कारण या व्यवस्थेची कमजोर बाजूही गेल्या पाच-सहा वर्षांत दिसली.

मार्च २०२० मध्ये आधी डबे थांबले, मग लोकल थांबली. डबेवाले गावाला आले. काहींनी भातखाचरं बघितली, काहींनी बटाटा, कांदा केला, कुणी गवंड्याच्या हाताखाली गेला. लोकल जून २०२० मध्ये अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली, डबेवाल्यांना त्यात बसायला ऑक्टोबर उजाडला, आणि लसीचे दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्यांना ऑगस्ट २०२१ मध्ये प्रवास मिळाला. पण तोवर ऑफिसंच बदलली होती. कुठे घरून काम, कुठे आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचं. महिन्याचे पैसे देऊन रोज डबा नेणारं गिऱ्हाईक तुटलं. पाच हजारांतले निम्म्याहून कमी डबेवाले आता या कामात उरलेत, असं त्यांच्यातलीच मंडळी सांगतात.

हा प्रश्न फलाटावर दोन मिनिटांत सुटणारा नव्हता आणि १५ तारखेच्या बैठकीत बसणाराही नव्हता. कुणाचा डबा हरवला याची चौकशी होते. वांद्रे-कुर्ला संकुलातली दहा मजली इमारत सोमवारी आणि शुक्रवारी रिकामी असते, याची चौकशी कुणावर करणार? दंड कुणाला? ज्या बैठका रोजच्या चुकीसाठी तयार झाल्या होत्या, त्यांच्यापुढे धंदाच बदलल्याचा विषय आला. काहींनी हॉटेलांचे डबे पोचवून बघितले, काही कुरियर, मोबाइल ॲपच्या डिलिव्हरीकडे वळले. पण तीन दिवसांच्या डब्याचा दर काय, लाइन विकत घेताना ज्यांनी दहापट पैसे भरले त्यांच्या त्या पैशाची आज किंमत काय, हे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये वांद्र्यात डबेवाल्यांच्या कामाची ओळख करून देणारं अनुभव केंद्र सुरू झालं, ते चांगलंच. मात्र केंद्र बघायला येणारा पाहुणा महिन्याचा डबा लावत नाही.

रोजच्या कामाची बैठक वेगळी आणि पुढच्या पाच वर्षांची बैठक वेगळी, आणि दुसरी कुणी घेतलीच नाही तर पहिली कितीही चोख असली तरी माणसं कमी होतात. आपल्याकडे दूध संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या काढलेल्यांनी हे बघून ठेवायला हवं. रोजचं संकलन, फॅट, दर, पेमेंट यात संचालक मंडळाच्या सगळ्या मीटिंगा जातात, आणि पलीकडच्या गावात दुसऱ्या डेअरीचा कूलर बसतो तेव्हा जाग येते.

‘वाचून कायम करणे’

आता गावाकडे. ग्रामसभेची नोटीस काढा कुठलीही. पहिला विषय ठरलेला : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ शेवटचा विषयही ठरलेला : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’

सगळी गोम पहिल्या विषयात आहे. ग्रामसेवक मागचं प्रोसिडिंग वाचतो, बरेचदा भरभर, बरेचदा नुसतेच मथळे. कुणीतरी म्हणतं ‘कायम’. संपलं. यात कायम काय झालं? मागच्या वेळी जे लिहिलं ते बरोबर लिहिलं, एवढंच. जे ठरलं ते झालं का, हा प्रश्न त्यात नाहीच. पाणंद रस्त्याची मोजणी करून घ्यायची असं ऑगस्टमध्ये ठरलं, ऑक्टोबरमध्ये ते वाचून कायम झालं, जानेवारीत पुन्हा कुणीतरी पाणंद रस्त्याचा विषय काढला आणि पुन्हा ठराव झाला. प्रोसिडिंग बुकात तीन ठराव, शेतात रस्ता नाही. सूचक आहे, अनुमोदक आहे, सर्वानुमते मंजूरही आहे. अर्ज घेऊन भूमी अभिलेखच्या ऑफिसात कोण जाणार, कधी जाणार, मोजणीची फी कुठून भरणार, हे मात्र कुठेच नाही.

डबेवाल्यांच्या गटात असं चालेल का? ‘पार्ल्याची लाइन कुणीतरी करावी असे सर्वानुमते ठरले’ म्हटलं तर पार्ल्याची माणसं उपाशी.

कायदा कमी पडतो असंही नाही. वर्षात किमान चार ग्रामसभा, सात दिवस आधी नोटीस, कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही शेवटची सोय अडचणीसाठी होती, पण काही गावांत तीच पद्धत झालीय : पहिली सभा तहकूब व्हायलाच बोलवायची आणि दुसरी दहा-पंधरा जणांत उरकायची. सह्या नंतर घरोघर.

सहकारी संस्थांचंही तेच. आंबेगावची दूध संस्था आणि मुलुंडची हाउसिंग सोसायटी दोन्ही एकाच, १९६० च्या सहकार कायद्याखाली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, १४ दिवस आधी नोटीस. मुलुंडवाला निदान लिफ्ट बंद पडली की आवाज चढवतो. आपल्याकडे अहवालाचं पुस्तक आणि पेढ्याचा पुडा घेऊन लोक जेवायच्या आत घरी.

करायचं म्हटलं तर काम मोठं नाही. प्रोसिडिंगमध्ये प्रत्येक ठरावाखाली दोन ओळी जादा लिहायला लावायच्या : हे कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत. आणि पुढच्या सभेत ‘वाचून कायम’ झाल्यावर लगेच एकेका ठरावाला विचारायचं, झालं का, नसेल तर कुठे अडलं. हे विचारायला सदस्य असावं लागत नाही, ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला बोलायचा हक्क आहे. पहिल्या वेळी गोंधळ होईल, सरपंच चिडतील, ‘राजकारण आणू नका’ असंही कुणी म्हणेल. जिल्हा परिषदेच्या सभांत ठरावांवर काय कार्यवाही झाली याचा अनुपालन अहवाल मागितला जातो, गावात तो मागायला काय हरकत? आणि एका सभेला बावीस विषय ठेवायचे नाहीत. पाच ठेवा, पण संपवा.

यात्रेची बैठक

गावाला बैठक जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. यात्रा कमिटीची बैठक आठवा. देवळात, रात्री जेवणं झाल्यावर. वर्गणी घरटी किती, मुंबईकरांची किती, तमाशाची सुपारी कुणी द्यायची, आखाड्याची माती कोण आणणार, शेवटच्या कुस्तीचा इनाम कोण लावणार, भंडाऱ्याचा किराणा कुणाच्या दुकानातून. प्रत्येक कामापुढे एक नाव. यात्रा झाल्यावर हिशोब वाचला जातो, रुपया-रुपयाचा, आणि पाचशेचा मेळ लागला नाही तर रात्री बारापर्यंत कुणी उठत नाही. त्या बैठकीला मुंबईवाले डबेवालेही असतात, आणि बोलतातही तेच जास्त. कारण पैसे प्रत्येकाचे गेलेले असतात, आणि पालखी ठरलेल्या दिवशी निघालीच पाहिजे.

अडचण एवढीच की यात्रा संपते एप्रिलमध्ये आणि ग्रामसभा असते १ मे रोजी. तोवर डबेवाला अंधेरीच्या फलाटावर परत गेलेला असतो. गावच्या मतदार यादीत नाव असलेली, घरपट्टी भरणारी, रोज बैठक करून पोट भरणारी ही माणसं ग्रामसभेच्या दिवशी गावात नसतात. १५ ऑगस्टला नसतात, २ ऑक्टोबरला नसतात, २६ जानेवारीलाही नसतात.

कायद्यात चार सभा हा किमान आकडा आहे, पाचवी घ्यायला बंदी नाही. सात दिवस आधी नोटीस काढली, दवंडी दिली, व्हॉट्सॲप ग्रुपवर विषयपत्रिका टाकली, तर यात्रेच्या हिशोबाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच देवळासमोर ग्रामसभा लागू शकते. शंभर माणसं तिथे असतातच, कुणाच्या घरी सहीला जावं लागणार नाही. पुढच्या यात्रेची तारीख पंचांगात आहे आणि डबेवाल्यांच्या सुट्टीचं पत्रक त्याच्या आधी निघतंच.